मोकळ्या गळ्याचा दिवस

तुमच्या पणजोबांच्या पणजोबांनीही नुसती ऐकलेलीच असावी, इतकी जुनी ही गोष्ट. समुद्रापलीकडे, पूर्वेच्या मुलखात, जिथे भातखाचरं संपली की लगेच वाघांचं रान लागतं, तिथे नदीकाठी एक गाव होतं. गाव अलीकडे, शेतं पलीकडे, आणि मध्ये वेताचा झुलता पूल.

त्या गावाच्या नायकाच्या गळ्यात एक ताईत असे. वाघाच्या सुळ्यात कोरलेला, जबडा उघडून बसलेला बोटभर वाघ. त्यात खऱ्या वाघाचा आत्मा राहतो, तो नायकाचं रक्षण करतो आणि त्याच्या शब्दाला वजन देतो, अशी लोकांची श्रद्धा. म्हणून ताईत गळ्यात असताना नायकापुढे मान खाली घालायची आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही. तुम्ही म्हणाल, ही कसली मेली रीत! थांबा जरा, पुढचं ऐका की.

वर्षातून एक दिवस नायक तो ताईत काढून ओढ्याकाठच्या दगडावर ठेवी. वाघालाही आपलं रान आठवतं, त्यालाही ओढ्याचं पाणी प्यावंसं वाटतं, असं जाणती माणसं सांगत. सकाळपासून सूर्य मावळेपर्यंत नायकाचा गळा मोकळा. त्या दिवशी कुणीही त्याला अरे-तुरे करावं, मनातलं सगळं तोंडावर सांगावं.

अहाहा, काय दिवस असायचा तो! म्हातारा नायक ओढ्यात पाय सोडून केळीच्या पानावरचा चिकट भात खात बसायचा आणि बायका त्याला फैलावर घ्यायच्या. "अरे, पाट माझ्याच खाचरापाशी येऊन कसा अडतो? झोपा काढतोस का?" मग कुणीतरी त्याच्या घोरण्याची नक्कल करी. तो पोट धरधरून हसायचा, आणि दुसऱ्या दिवशी पाट मोकळा झालेला असायचा. अशी माणसं, असे दिवस आता कुठून आणायचे! नुसतं सांगतानाही माझा जीव हळहळतो.

म्हातारा गेला आणि ताईत थोरल्या मुलाच्या गळ्यात आला. हा काही वाईट नव्हता बरं का. पण आपण बापाच्या जागी शोभत नाही, ही भीती त्याच्या मनात घर करून बसली होती. लोक वाघापुढे वाकतात, आपल्यापुढे नाही, असं त्याला वाटे. त्यामुळे मोकळ्या गळ्याचा दिवस जवळ आला की तो लोकांना टाळायला बघायचा.

त्याच सुमारास पूल विणणाऱ्या आजीच्या लक्षात आलं, की पुलाचे वेत आतून किडलेत. एकट्यादुकट्याला पूल पेलत होता, पण जास्त भार पडला तर धडगत नव्हती. नवे वेत तोडायला नायकाचा हुकूम लागे. आजीने नायकाच्या धाकट्या भावाला सांगितलं. तो बिचारा धीर करून गेला.

"दादा, पुलाचं जरा..."

नायकाने नुसता वाघावर हात ठेवला. भाऊ मान खाली घालून बाहेर आला.

"आजी, आठच दिवस थांबू," तो म्हणाला. "मोकळ्या गळ्याच्या दिवशी सगळं सांगतो. त्या दिवशी त्याला ऐकावंच लागेल."

तो दिवस उजाडला. सगळं गाव भात घेऊन ओढ्याकाठी जमलं. नायक आला, पण ताईत गळ्यातच.

"यंदा वाघाला तहान नाही," एवढं बोलून तो परत फिरला.

ताईत गळ्यात, तेव्हा भावालाही मान खाली घालावी लागली. माणसं आपापला भात उचलून घरी गेली.

चार दिवसांनी पेरणीचा मुहूर्त आला. रीतीप्रमाणे नायक सगळ्यांत पुढे, मागे बियाण्याची जड टोपली घेऊन भाऊ, आणि त्याच्यामागे गाव. पुलाशी भाऊ थबकला. "तुम्ही इथंच थांबा," तो लोकांना म्हणाला, आणि पाऊल जपून टाकत निघाला. नायकाने पलीकडच्या काठावर पाय ठेवला, तोच मागे कडाड आवाज झाला. पूल, टोपली आणि भाऊ, सगळं नदीने ओढून नेलं.

वाघाने नायकाचं रक्षण केलं हो, अगदी चोख केलं! अंगावर साधा ओरखडा नाही. पण तो त्या काठावर एकटा आणि गाव या काठावर. "शोधा त्याला! उड्या टाका!" तो घसा फोडून ओरडत होता. नदीच्या आवाजात त्याचा हुकूम कुणाला ऐकूच आला नाही. लोकांनी आपणहून उड्या टाकल्या, दोन दिवस नदी धुंडाळली. भाऊ काही सापडला नाही.

हुकमाची वाट न बघता गावाने वेत तोडले, आणि नवव्या दिवशी नवा पूल उभा राहिला. सगळ्यांत आधी आजी पलीकडे गेली. नायकाचे डोळे रडून रडून सुजले होते.

"आजी, मला कुणी सांगितलं का नाही गं?"

ताईत त्याच्या गळ्यात होता, तरी आजीने मान वर केली. "तुझ्या भावानं तोंड उघडलं होतं रे बाळा. तूच वाघावर हात ठेवलास."

पुढच्या वर्षी नायकाने ताईत काढून दगडावर ठेवला. बापासारखा ओढ्यात पाय सोडून बसला. गाव जमलं, पण बोलेना कुणी. "बोला रे," तो म्हणे, "शिव्या द्या हवं तर, पण काहीतरी बोला." लोक म्हणत, "सगळं बरं चाललंय, नायक." भात खात आणि उठून जात. म्हातारा होईपर्यंत तो दरवर्षी असाच बसला. ते जुनं हसणं त्या ओढ्याकाठी पुन्हा कधी ऐकू आलं नाही.

लहानांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा, एवढं ध्यानात ठेवा: जो धाकाने आपल्या माणसांची तोंडं बंद करतो, तो स्वतः वाचला तरी आपली माणसं गमावून बसतो.