पिठातली पावले

एकदा एका डोहाकाठच्या मठात एक तरुण आला. त्याचा थोरला भाऊ भिवा त्याच डोहात बुडाला होता. त्याला अजून महिनाही झाला नव्हता. तरुण शाळेत फारसा टिकलेला नव्हता आणि डोक्याने तापट होता. आल्या आल्या तो तिथल्या वृद्ध साधूंना म्हणाला, "महाराज, दादा मला हाका मारतो. जेवताना मारतो, लाकडं फोडताना मारतो. त्याला गप्प करा, नाहीतर मला त्याच्याकडे धाडा."

साधूंनी त्याला पिंपळाखालच्या शिळेवर बसवले. "डोळे मीट. श्वास येतो, जातो, तेवढा बघ. मन गेलं की परत आण."

"एवढंच?"

"एवढंच. जमतं का बघ."

तीन दिवस तो भर दुपारी बसला. डोळे उघडले की तो शिळेवरच असे, पण श्वास मात्र दोन-चारच आठवत. तिसऱ्या दिवशी त्याच्या अंगावर काटा आला. शिळेपासून डोहापर्यंतच्या गुडघाभर गवतात एक वाट पडली होती. आधी ती नव्हती.

"दादा पाण्यातून वर येतोय," तो पुटपुटला.

चौथ्या दिवशी साधूंनी सूपभर ज्वारीचे पीठ त्या वाटेवर पसरले.

"महाराज, पीठ भाकरीला लागतं, वाटेला नाही."

"तुझ्या घशाखाली भाकरी उतरते कुठं? वाटेला तरी लागू दे."

तरुणाला घर आठवले. भिवा गेल्यावर आईनेही दिव्याभोवती पीठ पसरून वर पाटी झाकली होती, तो कोणत्या रूपाने येतो ते कळावे म्हणून. सकाळी पीठ कोरेच होते. आई त्या कोऱ्या पिठाशी कितीतरी वेळ बसून राहिली होती.

"तेव्हा काहीच उमटलं नाही," तो म्हणाला.

"इथं उमटेल."

तो बसला. वारा पडला होता. पाखरूही बोलत नव्हते. दोन श्वास झाले आणि डोहातून हाक आली.

डोळे उघडले तेव्हा ऊन कलले होते. पिठात पावले होती. अनवाणी, स्पष्ट, एकामागे एक.

"आला! दादा आला!" तो धावत सुटला.

"धावू नको," साधू म्हणाले. "बोटं बघ."

तो वाकला. उजव्या पावलाला चारच बोटे होती. लहानपणी लाकडे फोडताना भिवाच्या हातून कुऱ्हाड निसटली होती आणि धाकट्याच्या उजव्या पायाची करंगळी गेली होती. त्याने स्वतःच्या पायांकडे पाहिले. बोटांच्या बेचक्यांत भिजलेले पीठ चिकटले होते आणि धोतर गुडघ्यापर्यंत ओले होते.

पावले डोहाकडे वळलेली होती. एकही मागे फिरले नव्हते.

"मग मी परत..."

"मी आणतो, हाताला धरून, गवतातून. काल घोटाभर पाण्यात होतास, आज गुडघाभर. मी म्हातारा आहे रे. उद्या माझा हात पुरेलच असं नाही."

तरुण वाटेवरच बसला. साधू त्याच्याशेजारी टेकले.

"वाट भिवानं पाडली नाही. लक्ष ज्या बाजूनं रोज जातं, तिकडचं गवत मोडतं. मग पाय विचारत नाहीत. डोक्याच्या आतही असंच गवत असतं, पोरा. जाऊ नको असं मी म्हणत नाही. भाऊ होता, मन जाणारच. पण निघालो हे ज्या पावलाला कळेल, त्याच पावलावरून फिर. शंभरदा गेलास तर शंभरदा फिर. फिरण्याचीही वाट पडते."

दुसऱ्या दिवशी नव्याने पसरलेल्या पिठात पावले पाण्याच्या काठावरून मागे फिरलेली होती. त्यानंतर अर्ध्या वाटेवरून. मग एके दिवशी शिळेलगत एकच पाऊल उमटले, चार बोटांचे, आणि पुढचे पीठ कोरे.

ते कोरे पीठ पाहून तो ढसाढसा रडला. भिवा गेल्यापासून तो पहिल्यांदाच रडत होता. मग उठला, उघड्या डोळ्यांनी डोहापर्यंत चालत गेला, काठावर उभा राहून "दादा" म्हणाला आणि स्वतःच्या पायांनी परत आला.

आपण शांत बसलेलो असतो तेव्हा कुठे चाललेलो असतो, हे ज्याने त्याने एकदा पीठ पसरून पाहावे.