कोटाचा पहिला टप्पा

एका जंगलात थंडी फार पडायची आणि भाषणं त्याहून जास्त व्हायची. त्या वर्षी अस्वलराव ‘प्रत्येक पाठीला कोट’ अशी घोषणा देऊन निवडून आले. त्यांच्या स्वतःच्या अंगावर जन्मापासून दाट केस, त्यामुळे थंडी हा विषय त्यांना ऐकूनच माहीत होता.

नदीकाठी कोटांचा कारखाना निघाला. मेंढ्यांनी लोकर दिली, म्हणजे ती कापून नेण्यात आली. पानं शिवून घरटी करणाऱ्या साठ शिंपिणी कामाला आल्या. त्यांच्यावर देखरेखीला साळूबाई नावाची साळिंदर होती. सुई मोडली की ती पाठीवरचा काटा उपटून द्यायची आणि काम पुढे चालायचं. व्यवस्थापक होते तरससाहेब. कुठलीही अडचण सांगितली की ते हसत.

महिन्याभरात दहा शिंपिणी यायच्या बंद झाल्या. साळूबाई विचारपूस करायला वच्छी शिंपिणीच्या झाडाखाली गेली.

“ताई, दिवसभर मान वर न करता शिवत होते,” वच्छी म्हणाली. “तेवढ्यात कावळ्यानं दोन अंडी नेली. आता तिसरं सोडून कशी येऊ, तुम्हीच सांगा.”

 साळूबाई तशीच तरससाहेबांकडे गेली.

“साहेब, कारखान्यातच एक फांदी द्या. अंडी-पिल्लं नजरेसमोर राहिली तर बाया येतील.”

“फार मोलाची सूचना!” तरससाहेब हसले. “आपण समितीच नेमू.”

समिती नेमली. अंड्यांचा दांडगा अनुभव म्हणून तिच्यावर कावळ्याला घेतलं. शिंपिणींना शिस्त नाही म्हणून त्या जातात, असा समितीचा अहवाल आला. मग रिकाम्या दहा जागांवर दहा निरीक्षक आले, सगळे तरससाहेबांच्या सासुरवाडीचे. ते तासातासाला काम थांबवून हजेरी घेत आणि काम का थांबलं म्हणून दरडावत. आणखी वीस शिंपिणी उडून गेल्या.

“साहेब, मला निरीक्षक नकोत, शिवणाऱ्या हव्यात,” साळूबाई काकुळतीला आली.

“अहो बाई, शिवणाऱ्या मिळत नाहीत म्हणूनच तर निरीक्षक नेमतोय. का मिळत नाहीत ते बघायला नको?”

पाऊस सरेपर्यंत बारा शिंपिणी आणि अठ्ठेचाळीस निरीक्षक उरले. दरबारात अहवाल गेला: जागा साठ, भरलेल्या साठ. अस्वलरावांनी कारखान्याला ढाल दिली.

थंडी आली. वाटपाची तारीख ठरली. पाठी दहा हजार आणि कोट तीनशे. तरससाहेबांनी फर्मान काढलं की यापुढे बाहीलाही कोट म्हणावं. तरी आकडा जुळेना. दुसऱ्या दिवशी बटणालाही कोट म्हणायचं ठरलं. बटणं भरपूर होती.

मैदानात समारंभ झाला. बटणांचं तबक धरायला साळूबाईला उभं केलं होतं. रांगेत एक म्हातारी मेंढी कुडकुडत आली. अस्वलरावांनी तिच्या खुरावर एक बटण ठेवलं.

“महाराज, कोट?”

“हाच तो, आजी! कोटाचा पहिला टप्पा. विरोधकांनी साठ वर्षांत काजं तरी दिली होती का?”

टाळ्या पडल्या. मेंढीनंही वाजवल्या. मग तिनं ते बटण उघड्या पाठीवर ठेवून पाहिलं. ते घसरलं. तिनं वाकून उचललं आणि पुन्हा ठेवलं.

साळूबाईनं तबक खाली ठेवलं आणि सगळ्यांदेखत मैदानाबाहेर चालू लागली. बारा शिंपिणी तिच्यामागून उडाल्या. वच्छीच्या झाडावर त्यांनी शिवण मांडलं. वरच्या फांदीवर पिल्लं, खालच्या फांदीवर काम. हळूहळू गेलेल्या शिंपिणीही परतल्या. तिथला पहिला कोट म्हाताऱ्या मेंढीला मिळाला. तो तिच्या अंगात घालताना, आपण पाठीचे निम्मे काटे देऊन बसलोय हे साळूबाईच्या लक्षातही आलं नाही.

तरससाहेबांनी दरबारात कळवलं की कारखान्यात आता कामगारांची एकही तक्रार उरलेली नाही. त्यांना मंत्री करण्यात आलं. वच्छीच्या झाडावर मात्र विनापरवाना ऊब दिल्याबद्दल नोटीस लागली.

पुढच्या निवडणुकीत अस्वलरावांना फारसा प्रचार करावा लागला नाही. बटण घरोघर पोचलेलंच होतं. प्रजेला फक्त ते दाबायला सांगायचं होतं.