कोळंबखारचा वाकडा बांध

“पण नाना, हा बांध इतका वाकडा का?”

गोमा नानांनी चपला काढून हातात घेतल्या, खांद्यावर एक लांब बांबू टाकला आणि ते बांधावर चढले.

सारंग देवस्थळीने हा प्रश्न सकाळपासून तिसऱ्यांदा विचारला होता. परदेशात दोन वर्षं राहून तो भूदृश्यरचना शिकून आला होता. त्यातही नद्यांच्या मुखाशी, त्रिभुज प्रदेशात, पाण्याशी कसं जमवून घ्यायचं हा त्याचा खास विषय. कोकणातल्या नद्या त्रिभुज प्रदेश करत नाहीत, असं शाळेच्या पुस्तकात असतं. पण कोळंबखारपाशी दोन नद्या खाडीत गाळ आणून टाकायच्या आणि लोक त्या गाळावर पिढ्यान्‌पिढ्या भात पिकवायचे. ते पुस्तक त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

खाडीचं खारं पाणी आणि भातशेती यांच्यामध्ये आडवा होता तो फक्त हा मातीचा बांध. गेल्या उधाणाला त्याला खांड पडली, दीडशे हात बांध वाहून गेला. रोजची भरती वाळूची पोती कशीबशी थोपवत होती. अमावस्येचं उधाण नऊ दिवसांवर आलं होतं. त्याआधी खांड बुजली नाही, तर तीनशे एकर खारं होणार होतं.

गावकीने सारंगला बोलावलं. त्याने नकाशा काढला. आता गोमा नानांचा होकार तेवढा बाकी होता. ब्याऐंशी वर्षांचा हा माणूस हो म्हणेपर्यंत गावात कोणी फावड्याला हात लावत नसे. सारंगला याचं हसू येई, पण तो मनातल्या मनात हसे.

“नाना, माझं नाव सारंग. मी—”

“नावाची घाई नको रं बाला. चाल.”

ते चालू लागले. सारंगचे बूट चिखलात फसत होते. नाना अनवाणी, त्याच्या पुढे वीस पावलं.

पहिल्या वळणावर बांध आतल्या बाजूला वाकला होता. वाकलेल्या जागी बाहेर एक डबकं होतं, तिवरांच्या झुडपांनी वेढलेलं.

“ही पोशाची खांड,” नाना म्हणाले.

“पोशा कोण?”

“मना पन ठावं नाय. माज्या आज्याच्या आदीचा.”

दुसरं वळण. पुन्हा डबकं. काठावर चिंबोऱ्यांची बिळं.

“ही दोगा भावांची. नामा आनि काथोड. मंग बोलत नवते येकमेकांशी.”

तिसऱ्या वळणावरचं डबकं बरंच मोठं होतं. एका कडेला चार काळे दगड पाण्याबाहेर डोकावत होते.

“ही सायबाची.”

“कुठला साहेब?”

“आलावता येक. दगड आनले वीस गाड्या. चार दिसतान. बाकीचे खाली गेले.”

सारंगच्या नकाशातही दगड होते. वीस गाड्यांपेक्षा बरेच जास्त. त्याने नकाशाची गुंडाळी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली.

“नाना, तेव्हा शास्त्र नव्हतं. मी मातीचे नमुने घेतलेत. हिशेब मांडलाय. खांडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ बांध. सगळ्यात कमी लांबी, सगळ्यात कमी माती. नऊ दिवसांत होणारं दुसरं काही नाही.”

“पयल्यांदी समदे सरलच बांधतान.”

“आणि मग?”

नाना चौथ्या वळणावर थांबले. डबक्यावर हिरवं शेवाळ साचलं होतं. त्यांनी बांबू सारंगच्या हातात दिला.

सारंगने बांबू शेवाळात घातला. हातभर गेला, मग छातीइतका. खाली गाळाची रबडी लागली, तळ लागला नाही. त्याने जोर लावला. बांबू मुठीपर्यंत आत गेला आणि त्याची बोटं थंड शेवाळाला टेकली.

“किती वर्षं झाली याला?”

“सत्तावन.”

“ही कोणाची?”

नानांनी त्याच्या हातातून बांबू घेतला, उपसला आणि पुन्हा खांद्यावर टाकला. दूर खाडीत एका मचव्यावर कोणी कोणाला हाक मारत होतं.

“माजी,” ते म्हणाले. “पंचीस वर्सांचा होतो. तुज्यासारकाच बोलायचो. गावानं आयकलं माजं… सरल बांधला, तिसऱ्या भरतीला गेला. चार पावसाले कोनाच्या घरात भात नवता.”

सारंगला लाज वाटली. पण माणूस हुशार असला की लाजेलाही लगेच उत्तर सापडतं. त्याने नकाशा उलगडला आणि त्याच्या मते जो हुकमाचा पत्ता होता, तो टाकला.

“नाना, एक गोष्ट तुम्हाला कोणी सांगितलेली दिसत नाही. जुन्या वळणांसारखा या खांडीलाही वळसा घालून बांध घेतला, तर एक शेत कायमचं बांधाबाहेर जातं. खाडीत जातं. ते तुमचं आहे. माझ्या रेघेत ते वाचतं.”

“हं,” नाना म्हणाले आणि पुढे चालू लागले.

शेवटी नवी खांड आली. पोत्यांच्या फटींतून पाणी पाझरत होतं. आतल्या बाजूला नानांचं शेत, त्या तुकड्यात भात अजून हिरवा होता.

त्या हिरव्यातून खुंट्यांची एक रांग गेली होती. पांढऱ्या चिंध्या बांधलेले खुंटे, खांडीच्या एका टोकापासून निघालेले, पार शेताच्या मागून मोठा वळसा घेऊन दुसऱ्या टोकाला मिळालेले. ठोकताना वाटेत आलेला भात कोणीतरी कापून नीट पेंढ्या बांधून ठेवला होता.

“हे कोणी ठोकले?”

नानांनी हाताचे तळवे धोतराला पुसले. उजव्या तळव्यावर फोड होते.

सारंग खुंट्यांकडे बघत राहिला. मग नकाशाकडे. नकाशा चांगला होता. त्यावर पाच रात्री गेल्या होत्या, आणि त्याच्या गुरुजींनी, परदेशातल्या, फोनवरून त्याची पाठ थोपटली होती.

“आणि मी माझीच रेघ धरली तर?” त्याचा आवाज त्याला वाटला त्यापेक्षा बारीक निघाला. “तुम्ही अडवाल?”

“नाय. गावानं तुला बोलावलंय. तू बोल, आमी मागनं मातीच्या पाट्या उचलू.”

“अडवणार नाही?”

“नाय.”

भरती लागली होती. पोत्यांपाशी पाणी बोटभर चढलं…

नाना खाली वाकले, चपलांचा चिखल गवताला पुसला आणि त्याच्याकडे न बघता म्हणाले,

“फकस्त तुजं पुरं नाव सांगून ठेव बाला. सायबाचं इचारायचं राहून गेलं.”