हातचं राखून शिकवलेलं गाणं

लांब अमेरिकेत, डोंगरांच्या बेचक्यात वसलेल्या एका गावात आर्डिथ नावाची बाई राहत होती. तिचा आवाज असा खणखणीत, की ती अंगणात गाऊ लागली तर समोरच्या उतारावर लाकडं फोडणारे हात थांबायचे.

त्या डोंगरांत जुनी गाणी फार. वाद्य नाही, साथ नाही. नुसत्या गळ्यानं लांबलचक गोष्ट सांगायची. ती शिकायची रीतही निराळी होती. शिकवणारी आणि शिकणारी गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसायच्या. एकीनं कडवं म्हणायचं, दुसरीनं ते तसंच परत म्हणायचं. आणखी एक शिष्टाचार सगळे कसोशीनं पाळायचे. जे गाणं ज्या घरचं, ते त्या घरच्या माणसासमोर दुसऱ्यानं परवानगीशिवाय म्हणायचं नाही.

पुढं गावात रेडिओ आला. तरण्या पोरींना शहरातली गाणी गोड लागू लागली. म्हाताऱ्या एकेक करून गेल्या आणि आपापली गाणी बरोबर घेऊन गेल्या. हे आर्डिथच्या जिवाला फार लागलं. तिनं शेजारपाजारच्या बायका जमवल्या आणि दर रविवारी दुपारी शाळेच्या खोलीत त्यांना जुनी गाणी शिकवायला सुरुवात केली. बघता बघता साऱ्या खोऱ्यात या गाणाऱ्या बायकांचं नाव झालं.

इथवर सगळं छानच होतं. पण माणूस म्हटलं की कुठंतरी पाणी मुरतंच! आर्डिथकडे तिच्या आजीचं एक गाणं होतं. नदीपलीकडे भाऊ आजारी पडलेला असतो आणि बहीण भर पुरात त्याच्याकडे जायला होडी काढते, अशी त्यातली गोष्ट. आर्डिथ ते शिकवायची, पण होडी नदीच्या मध्यावर आली की थांबायची. "पुढचं काही आठवत नाही बायांनो," असं म्हणायची.

धडधडीत खोटं! तिला सगळं पाठ होतं. पण सगळंच देऊन टाकलं तर आपल्याला कोण विचारणार, ही धास्ती. व्हर्नावर तर तिची करडी नजर होती. ओढ्यापलीकडून शिकायला येणारी ही तरुण बाई एकदा ऐकलेलं विसरत नसे. ही एक दिवस आपलं गाणं पळवणार, असं आर्डिथनं मनाशी धरूनच ठेवलं होतं. कुणाच्या कानावर पडू नये म्हणून घरातसुद्धा ते गाणं म्हणायचं तिनं सोडून दिलं.

कापणी झाल्यावर खोऱ्याचा मोठा मेळावा भरला. आर्डिथनं आधीच जाहीर करून टाकलं होतं, की आजीचं गाणं या वेळी अखेरपर्यंत म्हणणार. लोक लांबलांबून आले. पटांगणात पाऊल ठेवायला जागा उरली नाही.

आर्डिथनं डोळे मिटले आणि गायला लागली. होडी निघाली. पाणी चढलं. वल्हं मोडलं. आणि आर्डिथ थांबली. शिकवताना ती नेहमी इथंच थांबत आली होती; जिभेला तीच सवय लागली होती. पुढचं कडवं काही केल्या ओठांवर येईना. तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा वल्हं मोडलं, पुन्हा ती अडली.

"अहो बाई, पोरगी पाण्यात आहे! तिला बाहेर तरी काढा!" पुढं बसलेला एक म्हातारा कळवळून म्हणाला.

आर्डिथला दरदरून घाम फुटला. आजीचं गाणं आपल्या हातून बुडालं, या विचारानं तिचा जीव कासावीस झाला. तिनं मागं उभ्या असलेल्या बायकांकडे पाहिलं. त्या तरी काय करणार? त्यांना दिलंच होतं अर्धं. फक्त व्हर्नाचे ओठ आवाज न करता हलत होते.

आर्डिथच्या मस्तकात तिडीक गेली. शेवटी चोरलंच की हिनं! 'गाणं इथंच संपतं' असं सांगून मोकळं व्हावं, असंही तिच्या मनात आलं. कुणाला काय कळणार होतं? पण मग ती पोरगी कायमची नदीतच राहिली असती. ते आर्डिथला सोसवेना.

"व्हर्ना," ती सगळ्यांदेखत म्हणाली, "तुला पुढचं येतं?"

"येतं, मावशी. मी लहान असताना तुम्ही लोणी काढताना म्हणायचात, ते आमच्या घरापर्यंत ऐकू यायचं. पण गाणं तुमच्या घरचं. तुमच्यासमोर मी कसं म्हणू?"

"म्हण, बाई. मला येत असून मी तुमच्यापासून लपवलं. आता खरोखरच आठवत नाही. तेवढं पोरीला पलीकडे ने."

व्हर्ना पुढं आली आणि गाऊ लागली. पोरीनं हातांनी पाणी सारलं. होडी काठाला लागली. भावानं अंथरुणावरून उठून दार उघडलं. शेवटची ओळ संपली तेव्हा साऱ्या पटांगणानं रोखलेला श्वास सोडला. आर्डिथ तिथल्या तिथं खाली बसली आणि ढसाढसा रडली. तिला इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात एकदा ती कुणाच्या तरी घरावरून चालली होती. आत एक बाई तेच गाणं म्हणत होती, तेही चांगलं बेसूर. आर्डिथ थंडीत कुडकुडत फाटकाशी उभी राहिली. पोरगी काठाला लागल्याचं तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि मगच समाधानानं घरची वाट धरली.

तात्पर्य: लपवून ठेवलेली विद्या आपल्यालाच परकी होते, मोकळ्या मनानं दिलेली विद्या ऐन अडचणीत दुसऱ्याच्या मुखानं आपल्याला सावरते.