अध्यक्षांचे दान

श्रोतेहो, दात्याचे नाव वाचून न देणाऱ्याचा जळफळाट का व्हावा?

एका गावच्या माध्यमिक विद्यालयाला प्रयोगशाळा नव्हती. मुख्याध्यापिका इंदुमतीबाई केंजळे यांनी घरोघर पदर पसरून ती उभी केली. देवळातल्या समईवर असते तसे प्रत्येक वस्तूवर दात्याचे नाव घातले. टेबलांवर सुताराचे, काचपात्रांवर विड्या वळणाऱ्या बायकांचे. संस्थेचे अध्यक्ष रंगनाथराव टोणगे यांनी एक खिळाही दिला नव्हता. ती नावे वाचता वाचता त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. उद्घाटनाच्या सकाळी त्यांनी दाराला घरचे कुलूप ठोकले.

"बाई, दारावर माझे नाव लागेल, तेव्हाच हे उघडेल!" ते गावासमोर गरजले. मुले दाराशी ताटकळली.

बाईंनी हात जोडले. "लावते की, रावसाहेब! ज्याने जे दिले, त्यावर त्याचे नाव, हा इथला नियम. आपण कुलूप दिलेत." आणि ब्रश घेऊन त्यांनी कुलपावरच लिहिले, 'रंगनाथराव टोणगे यांजकडून.'

"अगं बाई, केवढं हे दान!" बायका खिदळल्या.

अट तर पुरी झाली, दारावर नाव लागले; रंगनाथरावांना ते कुलूप सर्वांदेखत स्वतःच्या हाताने काढावे लागले. दिलेले दान परत नेता येत नाही, म्हणून ते नावासकट प्रयोगशाळेच्या भिंतीवर कायमचे टांगले गेले.