खडूची वाकडी ओळ

लिहिलेले पुन्हा पुन्हा पुसून घेता घेता स्वतःच संपत आलेला खडू तुम्ही कधी पाहिला आहे का? फार पूर्वी एका शाळेत तसा एक होता. तिथली मुले पाण्याचा नळ उघडाच सोडत, म्हणून त्याला फळ्यावर सुविचार लिहायचा होता : ‘पाणी पिऊन झाले की नळ बंद करावा.’

शाळा सुटली की तो लिहायला घेई. ओळ जरा वर चढली की म्हणे, “डस्टरदादा, पुसा.” पुन्हा लिही. “वेलांटी जाड झाली, पुसा.” असे सात दिवस गेले. रोज सकाळी मुलांना कोरा फळा दिसे आणि नळ वाहतच राही.

आठव्या दिवशी डस्टर शिंकत म्हणाला, “अरे बाबा, आलास तेव्हा बोटाएवढा होतास, आता नखाएवढा उरलास. बाकीचा सगळा माझ्या पोटात गेला. तिथे तुला कोण वाचणार?”

“पण ओळ वाकडी येते हो. मुलं हसतील.”

“हसू देत. हसायला आधी वाचावं लागतं.”

खडूने डोळे मिटून शेवटचे लिहिले. ओळ टेकडी चढावी तशी वर गेली, पण डस्टर जागचा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांनी माना तिरक्या करून सुविचार वाचला, ती पोटभर हसली आणि पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी नळ बंद केला.