रेमेतचा गाळ

आमच्या बेटावर वळणावळणाला क्रूस आहे. हा समोरचा काळा गाळ मात्र उघडाच. इथे क्रूस नाही, मेणबत्ती नाही, नवस तर कुणी बोलतच नाही. पाहुणे विचारतात, एवढी धोक्याची जागा, मग इथेच कसं काही नाही? का नाही ते ऐका. आणि ऐकताना पाय बांधावरच ठेवा.

फार मागे पास्कूच्या घरात रेमेत नावाची सून होती. देवळात पहिल्या बाकाशी गुडघे टेकणारी. लॅटिन प्रार्थना घडाघडा म्हणायची. अर्थ विचारला तर म्हणायची, तो पाद्रीबाबाला ठाऊक. एका दुपारी ओहोटीला बायका शिंपल्या काढायला उतरल्या आणि पाणी फिरलं तशा परतल्या.

"ए रेमेत, चल गो, भरती लागली!"

"व्हा तुम्ही पुढे. माझी पाटी अर्धीच आहे."

"भर, भर! खाडीच भरील तुझी पाटी!"

हसत हसत त्या बांधापलीकडे दिसेनाशा झाल्या. रेमेतने नेहमीची वाट सोडून एक पाऊल आत टाकलं, आणि गाळाने तिला मांडीपर्यंत गिळलं. तिने हाका मारल्या. वारा उलटा होता.

तेव्हा तिने देवाशी सौदा मांडला, असे सांगतात. "एक मेणबत्ती लावीन!" म्हणून पाय ओढला, तर दुसरा खोल गेला. "माझ्या उंचीएवढी लावीन!" गाळ कमरेला आला. "गळ्यातली साखळी मरियामाऊलीला घालीन!" प्रत्येक नवसाला एक हिसका, आणि हिसक्यागणिक वीतभर खाली. पाणी छातीला लागलं. द्यायला काही उरलं नाही. प्रार्थना म्हणावी, तर भीतीने एकूण एक शब्द पुसून टाकलेला.

दात वाजत होते, तरी ती बोलायला लागली. शेजारणीशी बोलावं तशी. "देवा, घरी तान्ही भुकेली आहे. भात उतरवून आले. काल सासूला माशाचं शेपूट वाढलं, मधला तुकडा मी खाल्ला. आज हावेपायी मागे राहिले."

बोलता बोलता श्वास खाली बसला, अंग सैल पडलं. आणि तिच्या अंगावर काटा आला म्हणे, गार पाण्याने नव्हे. कुणीतरी ऐकत होतं. वर आभाळात नाही, अगदी खांद्याशी. तो इतका जवळ असेल, हे पहिल्या बाकावरून तिला कधी कळलं नव्हतं.

तिने शिंपल्या ओतून दिल्या, पाटी पालथी घालून छातीखाली घेतली, आडवी झाली. भरतीच्या पाण्याने गाळ पातळ झाला होता. एक पाय सुटला, मग दुसरा. पोटावर सरपटत, दिवसभरातलं सांगायचं राहिलेलं त्याला सांगत ती बांधाला लागली. "भीती काही गेली नाही," असं ती म्हातारपणीही ठणकावून सांगायची. "पण भ्यायला मी एकटी नव्हते."

पाद्रीबाबा म्हणाले, इथे क्रूस उभारू. रेमेत आडवी आली. "नको फादर. लोक क्रूसापाशी बोलतील आणि पुढे मुके चालतील."

आजही बायका इथून जाताना पुटपुटत असतात. पोराचा ताप, नवऱ्याची दारू, जावेशी झालेलं भांडण, सगळं. परक्याला वाटतं, वेड्या आहेत. वाटू दे. नवी सून बांधावर थरथरत उभी राहिली की सासू तिला प्रार्थना म्हणायला लावत नाही. एवढंच म्हणते, "सकाळपासून काय काय केलंस ते त्याला सांग. खोटं सांगू नकोस. आणि चाल."